मूत्रमार्गाखालची जाळीची पट्टी सोनोग्राफीत कशी पाहावी

खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना लघवी सुटते, या तक्रारीवर मूत्रमार्गाखाली पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या जाळीची अरुंद पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया स्वीडिश स्त्रीरोगतज्ज्ञ उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये मांडली. शस्त्रक्रियेनंतर वेदना, लघवी अडकणे किंवा पुन्हा गळती सुरू झाली की अनेकदा थेट सीटी स्कॅन लिहून दिला जातो. पण ही पट्टी सीटीत जवळजवळ दिसतच नाही, आणि एमआरआयमध्ये ती भोवतीच्या व्रणाच्या ऊतीपासून वेगळी ओळखणे कठीण जाते. सुरुवात सोनोग्राफीनेच करावी, तीही पोटावरून नव्हे, तर योनीमुखावर प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग) ठेवून.

त्याआधी शस्त्रक्रियेची नोंद मिळवून वाचावी. पट्टी जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) मागून वर नेली आहे की मांडीच्या आतल्या बाजूकडे कटीच्या हाडातल्या ऑब्ट्युरेटर छिद्रातून काढली आहे, हे ठाऊक नसताना तिची टोके शोधणे म्हणजे पत्ता न घेता घर शोधण्यासारखे आहे.

तपासणी कशी होणार, हे रुग्णेला आधी समजावून सांगावे, तिची संमती घ्यावी आणि खोलीत स्त्री परिचारिका असावी. लघवी करून आल्यावर तिला गुडघे दुमडून उताणे झोपवावे आणि जेल लावून आवरण चढवलेला वक्र प्रोब योनीओष्ठांच्या मध्ये उभा, हलक्या हाताने टेकवावा, कारण जास्त दाबल्यास मूत्रमार्गाची ठेवणच बदलते. जघनास्थीचा सांधा, मूत्रमार्ग, मूत्राशयाची मान, योनी आणि गुदमार्ग एकाच चौकटीत आले की मूत्रमार्गामागे पांढरी, ठळक चमकणारी रेघ शोधावी, तीच पट्टी. ती सहसा मूत्रमार्गाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शापाशी, त्याच्या काळसर गाभ्यापासून साधारण ३ ते ५ मिमीवर असावी.

खरी माहिती हालचालीतून मिळते. रुग्णेला जोर लावायला सांगून पट्टी आणि जघनास्थीच्या सांध्याची खालची कड यांतले अंतर मोजावे. हे अंतर फार कमी असेल, किंवा जोर न लावताही पट्टी गुंडाळल्यासारखी वळलेली दिसली, तर ती घट्ट असल्याचा संशय घ्यावा. अंतर फार मोठे राहिले, तर ती सैल असू शकते. मग प्रोब डावी-उजवीकडे कलवून टोकांचा माग काढावा आणि त्रिमितीय सोय असल्यास आडवा छेदही पाहावा.

जघनास्थीच्या सावलीत गेलेला भाग सोनोग्राफीत हरवतो. तिथे, आणि गळू किंवा हाडाच्या संसर्गाचा संशय असेल तर, एमआरआय उपयोगी पडतो. पॉलिप्रोपिलीन धातू नसल्याने एमआरआयला अडचण नसते, मात्र पट्टी धातूच्या अँकरने (हाडात रोवलेल्या खिळीने) हाडाला बांधलेली असल्यास तंत्रज्ञाला आधी सांगावे. जाळी योनीत उघडी पडली आहे का, हे स्पेक्युलम (योनी उघडून पाहण्याचे उपकरण) व बोटाने, आणि मूत्राशयात शिरली आहे का, हे सिस्टोस्कोपीने, म्हणजे मूत्राशयात दुर्बीण घालून, पाहावे.

अहवालात नुसते 'पट्टी जागेवर आहे' एवढेच लिहू नये. पट्टीची जागा, अंतरे, जोर लावतानाची हालचाल आणि न दिसलेले भाग, हे सारे नमूद करावे. पट्टी योग्य जागी असूनही वेदना खऱ्या असू शकतात, आणि पुढचा डॉक्टर रुग्णेची तक्रार ऐकण्याआधी बहुधा तोच कागद वाचणार असतो.