क्लस्टरच्या रांगेत माझे ९६ तास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी क्लस्टरवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या संगणकांच्या ताफ्यावर, माझा एक जॉब (चालवायला दिलेलं काम) दोन दिवस रांगेत पेंडिंग होता. सुरू झाला आणि ३८ मिनिटांत संपला. तोवर मी ॲडमिनच्या नावाने बोटं मोडून घेतली होती.

घोळ स्क्रिप्टच्या, म्हणजे जॉबसोबत द्यायच्या सूचनांच्या फाइलच्या, एका ओळीत होता. वॉलटाइम, म्हणजे जॉबसाठी मागितलेला जास्तीत जास्त वेळ, ९६ तास. स्क्रिप्ट सीनियरची. "जास्त मागितलेलं बरं, जॉब मध्येच मरत नाही." सीनियरची स्क्रिप्ट जरूर घ्या, त्यातले आकडे घेऊ नका. बऱ्याचदा ते त्याचेही नसतात, त्याच्या सीनियरचे असतात.

रांग सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे स्लर्म. त्याचं बॅकफिल, म्हणजे मधल्या रिकाम्या वेळेत छोटे जॉब उरकून घेणं, मला कळलंच नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा, पुढच्या मोठ्या जॉबला १६ नोड (क्लस्टरमधले संगणक) हवेत. १२ रिकामे आहेत, उरलेले चार तीन तासांनी सुटतील. तोवर १२ नोड नुसते बसून. मग स्लर्म मागे बघतो, तीन तासांच्या आत कोण आटपतंय? सलूनमध्ये ११ वाजताच्या गिऱ्हाइकासाठी राखलेल्या खुर्चीवर आधी एखाद्या दाढीवाल्याला उरकून घेतात, फेशियलवाल्याला थांबवतात. माझं काम दाढीचं होतं, मी सांगितलं होतं फेशियल! काम खरं किती आहे हे स्लर्मला कळत नाही, तुम्ही लिहाल तेच तो धरून चालतो. मेमरीचंही तेच. ६ जीबीच्या कामाला १८० मागितले, तर तेवढी मेमरी मोकळी असलेला नोड मिळेपर्यंत बसा.

आधी छोटा नमुना चालवा, 'सॅक्ट' (झालेल्या जॉबचा हिशोब दाखवणारी कमांड) मध्ये लागलेला वेळ आणि मेमरी बघा, दीडपट मागा. आधीच जास्त मागून बसलात तरी हरकत नाही, पेंडिंग जॉबचा वेळ 'एस-कंट्रोल' कमांडने आपला आपल्याला कमी करता येतो. वाढवायला मात्र ॲडमिनचे पाय धरावे लागतात. अति कंजूषपणाही नको. वेळ संपली की स्लर्म जॉब मारतोच. लांबलचक कामाला चेकपॉइंट (मध्येच थांबलं तर तिथून पुढे सुरू करायची सोय) नसेल तर ते क्लस्टरवर टाकूच नका.

दोन-दोन मिनिटांचे ६०० जॉब सुटे सोडू नका, पन्नास-पन्नासचे गठ्ठे करा. आणि 'आफ्टर-ओके'ची (आधीचा जॉब नीट संपला तरच पुढचा सुरू) साखळी लावून निवांत गावी जाऊ नका. पहिलाच जॉब पडला, तर मागचे बरेचदा 'डिपेंडन्सी नेव्हर सॅटिस्फाइड' (अट कधीच पूर्ण होणार नाही) दाखवत तसेच लोंबकळतात. गणपती करून परतलो, तेव्हा माझे अकरा लोंबकळत होते.