कॅम्पर व्हॅनने पुण्याहून गोकर्णला: निघण्याआधीच टायरमध्ये हवा भरा

जानेवारीत पुण्याची पहाट १०-१२ अंशांची, आणि त्याच दिवशी आंबोली घाट उतरून सावंतवाडी गाठली की दुपारी पारा तिशीपार. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की टायरचा दाब साधारण १ पीएसआयने चढतो. रस्त्यावर पळून येणारी उष्णता वेगळीच. म्हणून गाडी किमान ३ तास उभी असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याइतकी हवा भरा. दुपारी गेज ४-५ पीएसआय जास्त दाखवेल. ती हवा कृपा करून सोडू नका! सोडलीत तर गार झालेला टायर मऊ पडतो, त्याची बाजू जास्त वाकते, तापते आणि शेवटी फुटते.

१०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, तेव्हा टाकी पाव भरूनच निघा. बाकीचं घाटाखाली भरा. उतरताना दुसरा-तिसरा गिअर. सतत ब्रेक दाबला तर लायनिंग तापून ब्रेक धरत नाही.

कॅम्पर कमी पळते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत असतानाच रबर म्हातारं होतं. टायरवरचा चार आकडी कोड बघा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या २३व्या आठवड्यात बनलेला. स्टेपनीचाही बघा.