कधी येते, कधी जाते: लिनक्सवरच्या हार्ड डिस्कची एरर पकडायची कशी

मशीन आठवडाभर नीट चालतं, मग एखाद्या दुपारी अर्धा मिनिट गोठतं, लॉगमध्ये चार-पाच लाल ओळी उमटतात आणि परत सगळं सुरळीत. अशा वेळी बहुतेक जण थेट नवी डिस्क घालतात. कोल्हापुरात राजारामपुरीत जाऊन डिस्क आणणं सोपं आहे, पण दोष केबलचा किंवा पॉवर सप्लायचा असेल तर नवी डिस्कही थोड्या दिवसांत तशीच वागायला लागते आणि चांगली डिस्क तोवर भंगारात गेलेली असते. म्हणून आधी दोष नेमका कुठं आहे ते ठरवायचं, पैसे नंतर काढायचे.

पण सगळ्यात आधी बॅकअप. पुढच्या काही टेस्ट डिस्कला तासन्‌तास राबवतात, आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्यातच जाऊ शकते. हिशोबाचा डेटा, ड्रॉइंग, फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि तिथून उघडून बघा. बॅकअप घेतानाच वाचायच्या एरर यायला लागल्या तर साधी कॉपी थांबवा आणि शेवटी दिलेल्या डीडीरेस्क्यूकडे, म्हणजे बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढणाऱ्या साधनाकडे वळा.

कमांड टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या आहेत. इथं त्यांचा उच्चार दिला आहे. बहुतेक कमांडच्या आधी सुडो लागतं, म्हणजे ती ॲडमिनच्या अधिकारात चालते.

लॉग आधी टिकवा

अधूनमधून येणाऱ्या एररचा पुरावा रीस्टार्टमध्ये पुसला जातो, ही पहिली अडचण. /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर आहे का बघा. नसेल तर बऱ्याच सिस्टिमवर जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, फक्त मेमरीत राहतं. फोल्डर तयार करून मशीन एकदा रीस्टार्ट करा. त्यानंतर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' ने मागच्या बूटमधले कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश मिळतात.

सिस्टिम ज्या डिस्कवर आहे तीच बिघडत असेल तर एवढ्यानं भागत नाही. डिस्क गायब झाली की लॉग लिहायला जागाच उरत नाही. अशा वेळी शेजारच्या मशीनवरून एसएसएचनं (नेटवर्कवरून टर्मिनल उघडून) आत जाऊन 'डीमेसग -डब्ल्यू' चालू ठेवा, किंवा आरसिसलॉग या लॉगच्या प्रोग्रामनं लॉग त्या मशीनकडे पाठवत राहा. शेवटच्या ओळी दुसऱ्या मशीनवर शाबूत राहतात.

लॉगमधली ओळ काय सांगते

संदेशात डिस्कचं नाव 'एटीए३' असं पोर्टच्या नंबरानं येतं. लिनक्सनं तिला दिलेलं नाव एसडीए की एसडीबी, हे 'एलएस -एल /सिस/ब्लॉक' मधल्या लांबलचक पाथमध्ये दिसतं. एसडीए, एसडीबी ही अक्षरं पुढच्या बूटला बदलू शकतात, म्हणून डिस्कवरच्या लेबलचा सीरियल नंबर कागदावर लिहा आणि तपासणी संपेपर्यंत तोच धरून चाला.

'एक्सेप्शन' आणि 'फ्रोझन' या शब्दांनी घाबरायचं कारण नाही. पोर्ट अडकलं, एवढंच ते सांगतात. खरी ओळ त्याच्याखाली महिरपी कंसात असते. तिथं 'यूएनसी' असेल तर डिस्कला स्वतःचाच सेक्टर वाचता आला नाही, म्हणजे दोष तबकडीचा. 'आयसीआरसी' असेल तर डेटा वाटेत बिघडला, म्हणजे केबल, कनेक्टर किंवा पोर्ट. नुसता 'टाइमआउट' असेल तर डिस्कनं उत्तरच दिलं नाही. यामागे पॉवर, पोर्टची वीजबचत किंवा सेक्टर वाचण्यासाठी डिस्कची आतल्या आत चाललेली धडपड, यांपैकी काहीही असू शकतं.

सेक्टरचे नंबरही शेजारी मांडून बघा. दर वेळी तोच नंबर किंवा त्याच्या आसपासचे येत असतील तर तबकडी. दर वेळी भलताच नंबर येत असेल तर वाट किंवा वीज. दोन डिस्कच्या एरर एकाच सेकंदाला पडल्या असतील तर डिस्कना दोष देऊ नका. पॉवर सप्लाय किंवा कंट्रोलरकडे बघा. आणि 'हार्ड रीसेटिंग लिंक' नंतर लिंक ६ गिगाबिटऐवजी ३ किंवा १.५ वर आली, तर वारंवार चुका होतात म्हणून कर्नलनं वेग उतरवला आहे.

स्मार्टचे आकडे: किती आहेत यापेक्षा वाढतात का

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती. ती वाचायला स्मार्टमॉनटूल्स पॅकेज टाकून 'स्मार्टसीटीएल -एक्स /डेव्ह/एसडीए' चालवा. वर येणाऱ्या 'पास्ड' वर विसंबू नका. शेकडो सेक्टर गेलेल्या डिस्कही पास्ड दाखवतात. काही कंपन्यांच्या, उदाहरणार्थ सीगेटच्या, डिस्कवर १ आणि ७ नंबरचे आकडे अवाढव्य दिसतात, ते तसेच असतात.

बघायचे ते एवढेच. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचे बाकी असलेले सेक्टर. ५ म्हणजे बाद करून राखीव जागेत हलवलेले. १९९ म्हणजे वाटेत बिघडलेला डेटा. हा आकडा कधीच शून्यावर परत येत नाही, त्यामुळं १९९ पुढं ४० दिसले म्हणून केबल आज खराब आहे असं होत नाही. आज ४० आणि उद्या ४३, हा पुरावा.

१२ नंबरकडे फार कमी लोक बघतात, आणि अधूनमधूनच्या दोषात तोच सगळ्यात बोलका ठरतो. डिस्कला किती वेळा नव्यानं वीज मिळाली ते तो मोजतो. मशीन बंद केलेलं नाही, झोपवलेलं नाही, तरी एररनंतर १२ चा आकडा एकानं वाढला असेल, तर डिस्कची वीज मधेच तुटली होती. तबकडीवरचा संशय तिथंच बाजूला ठेवा आणि पॉवरच्या वायरीकडे वळा. आकडे तासातासाला तारखेसह फाइलमध्ये जमा होतील अशी क्रॉनची (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीची) एक ओळ लिहून ठेवली की हे आपोआप समजतं.

दोन टेस्ट, आणि त्यांच्यातला फरक

'स्मार्टसीटीएल -टी लाँग' ही टेस्ट डिस्क स्वतःच्या आत करते. डेटा केबलवरून बाहेर येतच नाही. वेळ साधारण दर टेराबाइटला दोन तास धरा. मग 'स्मार्टसीटीएल -एल सेल्फटेस्ट' ने निकाल बघा. दोष सापडला तर पहिल्या वाईट सेक्टरचा नंबर मिळतो. यूएसबी केसमधल्या डिस्कला बहुधा '-डी सॅट' जोडावं लागतं, आणि ती मधेच झोपली तर टेस्ट अर्धवट सुटते.

दुसरी टेस्ट 'बॅडब्लॉक्स -एसव्ही /डेव्ह/एसडीए'. ही फक्त वाचते, पण सगळा डेटा केबलमधून मशीनमध्ये आणते. यात '-डब्ल्यू' चुकूनही लावू नका, सगळी डिस्क पुसली जाते.

दोन्ही निकाल एकत्र वाचायचे. लाँग टेस्ट नापास, तर दोष डिस्कमध्येच. लाँग टेस्ट पास, पण बॅडब्लॉक्स चालू असताना लॉगमध्ये एरर आणि १९९ वाढतोय, तर डिस्क ठीक आहे, वाट खराब आहे. दोन्ही पास, तर दोष फक्त ठरावीक परिस्थितीत उमटतो. तेव्हा ती परिस्थिती शोधायची.

केबल आणि वीज

एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि पॉवर प्लग तिन्ही एकदम बदललं तर एरर थांबेलही, पण कशानं थांबली ते कळणार नाही. सोपा मार्ग म्हणजे दोन डिस्कच्या डेटा केबलची अदलाबदल. एरर केबलबरोबर दुसऱ्या डिस्ककडे गेली की निकाल लागला. त्याआधी एफएसटॅब फाइलमध्ये (बूट होताना कोणती डिस्क कुठं जोडायची त्या यादीत) डिस्क यूयूआयडीनं, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख-नंबरानं, लिहिल्या आहेत ना, ते बघा. एसडीए असं लिहिलं असेल तर भलतीच डिस्क जोडली जाऊ शकते. नवी केबल लॉकची पत्ती असलेली घ्या, काटकोनात मुडपू नका, पॉवरच्या वायरींबरोबर आवळून बांधू नका.

पॉवरसाठी मल्टिमीटर काळ्या आणि पिवळ्या वायरीवर लावला की ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. काळ्या आणि लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५. मशीन निवांत असताना मोजून उपयोग नाही, सगळ्या डिस्क वाचनात गुंतलेल्या असताना मोजा. तरीही क्षणभराची घसरण मल्टिमीटरला दिसत नाही, म्हणून आकडे बरोबर आले तरी सप्लाय निर्दोष सुटत नाही. दुसरा सप्लाय लावून बघणं हीच खात्री. मोलेक्स या जुन्या पॉवर प्लगवरून साटा डिस्कचा प्लग करणारे एकसंध ओतीव प्लास्टिकचे अडॅप्टर आधी काढून टाका. त्यांच्या आत वायरी एकमेकींना टेकून आग लागू शकते.

कोल्हापुरात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. उद्यमनगरात किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीन असेल तर शेजारचं वेल्डिंग, कॉम्प्रेसर आणि मोठ्या मोटरी एकाच लाइनवर असू शकतात. वहीत नोंद ठेवा: लाइट कधी मिचकली, कॉम्प्रेसर कधी सुरू झाला, इन्व्हर्टरनं कधी उचललं. ती वही लॉगच्या वेळेशी ताडून बघा. घरगुती इन्व्हर्टर यूपीएस मोडवर हवा. साध्या मोडवर वीज पालटायला लागणारा वेळ बऱ्याच सप्लायना झेपत नाही. सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर डिस्क सोडून वायरमनला बोलवा.

दुसरी गोष्ट धूळ आणि ओल. फाउंड्रीच्या धुळीत लोखंडाचा चुरा असतो आणि तो वीज वाहतो. मशीन बंद करून, प्लग काढून, पंखे बोटानं धरून ब्लोअर मारा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कनेक्टरचे संपर्क खराब होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पॉलिश पेपर लावू नका, वरचा सोन्याचा पातळ थर निघून जातो.

हे सगळं ठीक असेल आणि टाइमआउट मशीन मोकळं असतानाच येत असेल, तर /सिस/क्लास/स्कझी_होस्ट मधल्या त्या पोर्टच्या लिंक_पॉवर_मॅनेजमेंट_पॉलिसी फाइलमध्ये मॅक्स_परफॉर्मन्स लिहून बघा.

तबकडीच खराब असेल तर

कोणती फाइल गेली ते ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर काढता येतं. वाईट सेक्टर १२३४५६७९२ आणि पार्टिशनची सुरुवात २०४८ असेल, तर वजाबाकी १२३४५४७४४. ब्लॉक ४०९६ बाइटचा आणि सेक्टर ५१२ चा, म्हणून ८ नं भागून १५४३१८४३. हा नंबर डीबगएफएसमध्ये 'आयचेक' ला द्या, आयनोड (फाइलचा आतला नंबर) मिळतो. तो 'एनचेक' ला दिला की फाइलचं नाव. ती फाइल बॅकअपमधून आणा. १९७ एक-दोनच असेल आणि त्या जागी नवीन लिहिल्यावर शून्य होऊन तिथंच राहिला, तर डिस्क दुय्यम कामाला चालेल. ५ किंवा १९७ आठवड्याला वाढतच असेल तर तिच्यावर काही ठेवू नका.

बॅकअप नसेल तर डिस्क माउंट न करता डीडीरेस्क्यू वापरा. डेबियन, उबुंटूवर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू. कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवी, मग मॅप फाइल, म्हणजे किती वाचून झालं त्याची नोंद, आणि ती फाइल तिसऱ्याच जागी ठेवायची. पहिली फेरी '-एन' लावून, म्हणजे सहज वाचता येणारा भाग आधी सुटतो; दुसरी '-डी -आर३' लावून. मॅप फाइल असली की मधे वीज गेली तरी काम जिथं थांबलं तिथूनच पुढं चालतं.

दुरुस्तीनंतर घाई करू नका. एरर आठ दिवसांतून एकदा येत असेल तर किमान चोवीस दिवस लॉग आणि आकडे बघत राहा. बदलाची तारीख आणि त्या दिवशीचे १२ आणि १९९ चे आकडे चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या आत चिकटवा.