केल्टिक भाषांचे मूळ आणि स्कॉटलंडचे स्वातंत्र्य: वादविवादासाठी तयारी कशी करावी

सोलापुरातील एखाद्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेसाठी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा विषय दिला गेला, तर विषयाच्या बाजूने बोलणारा पहिला वक्ता बहुधा असेच म्हणतो की, स्कॉटिश लोक केल्टिक आहेत, इंग्रज जर्मॅनिक (जर्मन-इंग्रजी भाषागटातले) आहेत, भाषा वेगळी म्हणून राष्ट्र वेगळे. हे विधान आपल्याला चटकन पटते, कारण भाषावार प्रांतरचना, १ मे १९६० आणि अजूनही न मिटलेला सीमाप्रश्न यांतून ‘भाषा तेथे राज्य’ हे सूत्र आपल्या अंगवळणी पडले आहे. पण प्रतिपक्षाने थोडाफार अभ्यास केलेला असेल, तर हे विधान पहिल्याच खंडनात कोसळते. ते का कोसळते आणि त्याऐवजी काय मांडावे, हे ध्यानात घेऊन तयारी कशी करावी, ते पुढे दिले आहे. कोणत्याही एका बाजूचा प्रचार करणे हा येथे हेतू नाही.

सुरुवातीलाच टिपणांसाठी तीन कोरे कागद घ्यावेत. पहिल्यावर केवळ केल्टिक भाषांच्या उगमाविषयीचे मुद्दे लिहावेत आणि त्यांना भाषाशास्त्र, पुरातत्त्व व आनुवंशिकी यांचाच आधार द्यावा. दुसऱ्यावर स्वातंत्र्याच्या वादाचे मुद्दे, म्हणजे संसद, चलन, तेल आणि युरोपीय संघ, हे लिहावेत. या दोन प्रश्नांना जोडणारे जे जे सापडेल, ते तिसऱ्या कागदावर टिपावे. तिसरा कागद सर्वांत कमी भरतो. पण परीक्षकांचे गुण बहुतेक त्याच कागदावर ठरतात, असे माझे मत आहे.

पहिल्या कागदाची सुरुवात भाषाकुलापासून करावी. केल्टिक ही इंडो-युरोपीय कुलाची एक शाखा आहे; म्हणजे संस्कृत आणि मराठी यांच्याशी तिचे दूरचे नाते आहे. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात दिलेल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे म्हटले व केल्टिकही त्याच मुळाची असू शकेल असे सुचवले. मात्र फ्रान्झ बॉप यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते नीट दाखवून देईपर्यंत एकोणिसाव्या शतकाचा चौथा दशक उजाडला. आज जिवंत असलेल्या केल्टिक भाषांचे दोन गट पडतात. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स यांचा एक गट आहे, तर वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरची ब्रेटन यांचा दुसरा. युरोपच्या मुख्य भूमीवरील गॉलिश, केल्टिबेरियन आणि लेपाँटिक या भाषा केव्हाच लोपल्या असून त्यांचे शिलालेख आणि नाणी तेवढी उरली आहेत.

हे नाते केवळ सांगून भागत नाही, ते दाखवावे लागते. फळ्यावर संस्कृतमधील सप्त आणि अष्ट लिहून त्यांच्यापुढे आयरिशमधील ‘शाख्त’ आणि ‘ओख्त’ लिहावेत. त्यानंतर ‘पितृ’ लिहून समोर आयरिश ‘आहिर’ लिहावा आणि श्रोत्यांना सुरुवातीचा ‘प’ कोठे गेला असे विचारावे. आरंभीचा ‘प’ गळणे ही सर्व केल्टिक भाषांची ओळख आहे. पुढचा बदल दोन गटांना एकमेकांपासून वेगळे करतो: ‘चार’साठी आयरिशमध्ये ‘क’ने सुरू होणारा शब्द आहे, तर वेल्शमध्ये ‘प’ने सुरू होणारा ‘पेदवार’ आहे. एवढी उदाहरणे पुरेत. पाच मिनिटांच्या भाषणात शब्दांची यादी वाचत बसणाऱ्या वक्त्याकडे सभागृह लक्ष देत नाही.

उगमस्थानाविषयी बोलताना अधिक सावध राहावे, कारण येथे तज्ज्ञांचेच एकमत नाही. दीर्घकाळ असे मानले जात होते की ऑस्ट्रियातील हालश्टाट आणि स्वित्झर्लंडमधील ला तेन येथे सापडलेल्या लोहयुगीन संस्कृती म्हणजेच मूळ केल्ट, आणि त्यांच्यासोबत भाषा पश्चिमेकडे सरकली. मात्र सर्वांत जुने केल्टिक लेख हालश्टाटच्या परिसरात सापडलेले नाहीत. ते उत्तर इटलीतील सरोवरांच्या भागात मिळाले असून लेपाँटिक भाषेतील आणि साधारण इसवी सनपूर्व सहाव्या शतकातील आहेत. पुरातत्त्वज्ञ बॅरी कन्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उगम अटलांटिक किनाऱ्याकडे, म्हणजे पश्चिमेला शोधावा असे प्रतिपादन केले. केल्टिक भाषांचे अभ्यासक पॅट्रिक सिम्स-विल्यम्स यांनी २०२० साली दोन्ही टोके नाकारून मधला प्रदेश, म्हणजे साधारणपणे गॉल (आजचा फ्रान्स), सुचवला. २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की इसवी सनपूर्व १००० ते ८७५ या काळात इंग्लंड व वेल्स येथील लोकसंख्येच्या वंशमिश्रणात मुख्य भूमीवरून आलेल्यांमुळे बदल झाला. केल्टिक भाषा ब्रिटनमध्ये येण्याचा हा एक संभाव्य मार्ग असावा असे त्या संशोधकांनी सुचवले आहे. परंतु तसा बदल स्कॉटलंडमध्ये त्यांना आढळला नाही. ‘स्कॉटिश रक्त केल्टिक आहे’ असे म्हणणाऱ्या वक्त्यासमोर हा एकच मुद्दा ठेवला तरी पुरतो.

लेख सापडला म्हणजे भाषेचे जन्मस्थान सापडले, असा समज या विषयात वारंवार डोके वर काढतो. तो दूर करण्यासाठी सोलापूरकरांना दूर जावे लागत नाही. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग-कुडल येथे शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे आणि मराठीच्या सर्वांत जुन्या कालोल्लेखित लेखांमध्ये त्याची गणना होते. तरीही मराठीचा जन्म दक्षिण सोलापूर तालुक्यात झाला असे कोणी म्हणत नाही. त्या काळी तेथे ही भाषा लिहिली जात होती, इतकेच त्यावरून सिद्ध होते. लेपाँटिक लेखांबाबतही तेवढेच म्हणावे.

पहिल्या कागदावर आणखी एक नोंद अवश्य करावी, कारण विद्यार्थी ती नेहमी विसरतात. ग्रीक आणि रोमन लेखकांनी मुख्य भूमीवरच्या लोकांना ‘केल्ट’ म्हटले. ब्रिटन आणि आयर्लंड येथील रहिवाशांना त्यांनी ते नाव दिले नाही. बेटांवरच्या या भाषा प्राचीन गॉलच्या भाषेच्या नात्यातल्या आहेत, हा विचार जॉर्ज ब्यूकॅनन या स्कॉटिश विद्वानाने १५८२ मध्ये मांडला आणि एडवर्ड लुइड यांनी १७०७ मध्ये त्याला तौलनिक अभ्यासाची बैठक दिली. म्हणजे बेटांवरील लोकांची ‘केल्टिक’ ही ओळख अवघ्या तीनशे-सव्वातीनशे वर्षांची आहे. त्याच १७०७ च्या १ मे रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या संसदा एक झाल्या. दोन्ही घटना एकाच वर्षी घडणे हा योगायोग असला, तरी ‘इंग्रज नसणे’ म्हणजे काय हा प्रश्न त्यानंतर तीव्र झाला आणि या नव्या नावाने त्याला एक सोयीचे उत्तर मिळाले, असे काही इतिहासकार मानतात.

या टप्प्यावर स्कॉटलंडचा नकाशा भिंतीवर लावून गटाने बसावे. या तयारीत मला सर्वाधिक उपयुक्त वाटणारा भाग हाच आहे. गावांच्या नावांचे तुकडे रंगीत पेन्सिलींनी अधोरेखित करावेत. ॲबरडीनमधील ‘ॲबर’ म्हणजे नदीचे मुख, आणि तो वेल्शच्या नात्यातील जुन्या भाषेचा अवशेष आहे. इन्व्हरनेसमधील ‘इन्व्हर’चा अर्थ तोच असला तरी तो शब्द गेलिक आहे. पिटलॉक्रीसारख्या नावांतील ‘पिट’ पिक्टिश वारशाकडे, म्हणजे पिक्ट या तेथील प्राचीन लोकांकडे, बोट दाखवतो. शेटलंड बेटांवरील लर्विक हे नाव नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतले, आहे आणि ती बेटे १४६९ पर्यंत स्कॉटलंडकडे आलेलीच नव्हती. दक्षिणेच्या सखल प्रदेशात मात्र नॉर्थंब्रिया या जुन्या राज्याच्या प्राचीन इंग्रजीतून आलेली भाषा रुजली; तिलाच पुढे ‘स्कॉट्स’ हे नाव मिळाले, आणि ती केल्टिक नसून जर्मॅनिक आहे. गेलिक आयर्लंडकडून पश्चिम किनाऱ्यावरील दाल रियाडा राज्यात आली असे पारंपरिक मत आहे, त्यावरही पुरातत्त्वज्ञांनी शंका घेतलेली आहे. नकाशा रंगवून पूर्ण झाला, की स्कॉटलंड एकभाषी कधीच नव्हता हे कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू, घराघरांत कन्नड, बाजारात मराठी आणि उर्दू ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याला हे समजायला पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा सोपे जावे.

गेलिकचा ऱ्हास लंडनने घडवला, हेही असेच घाईचे विधान आहे. १६०९ च्या आयोना येथील नियमांनी उत्तरेकडील सरदारांना आपल्या वारसांना सखल प्रदेशात इंग्रजी शिकण्यासाठी पाठवण्याचे बंधन घातले आणि १६१६ च्या आदेशाने शाळांमधून गेलिक हटवण्याचे धोरण जाहीर केले. हे दोन्ही निर्णय एडिनबरा येथील स्कॉटिश राजसत्तेचे होते आणि संसदांच्या एकीकरणाला तोवर शंभरएक वर्षे अवकाश होता. त्यानंतर १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत उत्तरेकडील बंडखोरांचा झालेला पराभव, डोंगराळ भागातील कुळांना जमिनींवरून हुसकावणे, आणि गेलिकसाठी काहीही तरतूद न करणारा १८७२ चा शिक्षण कायदा यांनी उरलेले काम केले. उलट बाजूने, २००५ चा गेलिक भाषा कायदा स्वातंत्र्य न मिळताही एडिनबरातील प्रादेशिक संसदेने एकमताने संमत केला. हे दोन्ही मुद्दे टिपून ठेवावेत. ते कोणत्याही बाजूच्या वक्त्याला वापरता येतात.

दुसरा कागद भरणे तुलनेने सोपे आहे. १९७९ च्या सार्वमतात प्रादेशिक विधानसभेच्या बाजूने ५१.६ टक्के मते पडली, परंतु एकूण मतदारांपैकी किमान ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा ही अट पूर्ण न झाल्याने ती स्थापन झाली नाही. १९९७ मध्ये ७४.३ टक्के मतांनी कौल मिळाला आणि १९९९ मध्ये संसद कामाला लागली. स्वातंत्र्याचे सार्वमत १८ सप्टेंबर २०१४ रोजी झाले: विरोधात ५५.३ टक्के, बाजूने ४४.७ टक्के, मतदान ८४.६ टक्के. त्या प्रचारात कोणत्या विषयांवर भांडण झाले ते पाहावे. पौंड ठेवता येईल का, उत्तर समुद्रातील तेलाचे उत्पन्न किती दिवस पुरेल, निवृत्तिवेतन कोण देईल, युरोपीय संघात राहता येईल का, फासलेन येथील अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचे काय करायचे, हे ते विषय होते. २०१६ मध्ये स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने कौल दिला असतानाही ब्रिटन बाहेर पडले आणि वाद पुन्हा पेटला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधील ब्रिटिश संसदेच्या, संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला सार्वमताचा कायदा करता येणार नाही.

आता तिसरा कागद. २०११ च्या जनगणनेनुसार गेलिक बोलणारे सुमारे ५७ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण १.१ टक्के होते. ज्या पश्चिम बेटांवर गेलिक सर्वाधिक बोलली जाते, तेथे २०१४ मध्ये ५३ टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या विरोधात पडली, तर बाजूने बहुमत मिळाले ते ग्लासगो आणि डंडी यांसारख्या औद्योगिक शहरांत, जेथे गेलिक रोजच्या व्यवहाराची भाषा नाही. मतदानाचा हक्कही वंशावर किंवा भाषेवर नव्हता, वास्तव्यावर होता. लंडनमध्ये राहणाऱ्या स्कॉटिश माणसाला मत नव्हते, पण राष्ट्रकुलातील देशांचे पात्र नागरिक स्कॉटलंडमध्ये राहत असतील तर त्यांना होते; म्हणजे ग्लासगोत नोकरीनिमित्त स्थायिक झालेला सोलापूरचा अभियंता मत देऊ शकत होता. वेल्सची आकडेवारी या युक्तिवादाला आणखी बळ देते: २०२१ मध्ये तेथे १७.८ टक्के लोकांना वेल्श बोलता येत होते, तरी स्वातंत्र्याची मागणी स्कॉटलंडइतकी प्रबळ कधीच झाली नाही.

भाषेच्या बाजूने बोलण्याची चिठ्ठी निघालेल्या वक्त्याने मात्र एवढ्यावर निराश होऊ नये. त्याने आयर्लंडचे उदाहरण घ्यावे. तेथे १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगच्या मुशीतून पुढचे अनेक स्वातंत्र्यवादी नेते घडले आणि १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला. स्कॉटलंडच्या इतिहासातूनही आधार मिळतो. १३२० च्या आरब्रोथच्या जाहीरनाम्यात सरदारांनी पोपला असे लिहिले होते की स्कॉट लोक सिथियातून स्पेनमार्गे आले आणि स्वतःच्याच ११३ राजांच्या परंपरेने स्वतंत्र राहिले. ही वंशकथा इतिहास म्हणून टिकत नाही. पण उगमाची कथा सांगून स्वातंत्र्य मागण्याची रीत सातशे वर्षे जुनी आहे, हे तिच्यावरून सिद्ध होते. त्यामुळे ‘भाषा हे स्वातंत्र्याचे कारण आहे’ असे न म्हणता ‘भाषेची स्मृती राष्ट्रभावनेला आकार देते’ असे म्हणावे. हे विधान मर्यादित आहे, आणि म्हणूनच ते पाडणे अवघड जाते.

काही बारीक गोष्टी तालमीतच पक्क्या करून घ्याव्यात. इंग्लंड, ग्रेट ब्रिटन आणि युनायटेड किंग्डम हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत; जाणकार परीक्षक तेवढ्यावरूनच वाचन किती झाले आहे ते ओळखतो. स्कॉटलंडमधील गेलिकचे नाव तेथे ‘गालिक’ असे उच्चारतात आणि आयर्लंडच्या भाषेला इंग्रजीत बहुधा नुसते ‘आयरिश’ म्हणतात. गेलिक आणि स्कॉट्स यांची गल्लत करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला तेथेच थांबवून प्रश्न विचारावा. प्रश्नोत्तरांच्या फेरीत ‘मग महाराष्ट्र भाषेवर का झाला?’ असे हमखास विचारले जाते. त्यावर असे उत्तर द्यावे की १९५६ आणि १९६० मधील फेररचना एकाच सार्वभौम राष्ट्राच्या आत, कारभाराची भाषा आणि जनतेची भाषा एक असावी यासाठी झाली. स्कॉटलंडमध्ये मात्र शासनाची आणि बहुसंख्य जनतेची भाषा आधीपासूनच एक आहे, आणि तेथील प्रश्न सार्वभौमत्व कोणाच्या संसदेकडे असावे हा आहे. उत्तर एवढेच असावे, कारण सीमाप्रश्नाकडे वळलेली चर्चा सोलापुरात तरी वेळेत परत येत नाही.