जीआरईचा स्कोअर युनिव्हर्सिटीला पोचला नाही? आधी या चुका तपासा

जीआरई ही परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. अर्जाच्या पोर्टलवर तिचा 'स्कोअर मिळालेला नाही' असं दिसलं की मुलं घाबरतात आणि पुन्हा पैसे भरून दुसरा रिपोर्ट मागवतात. तसं लगेच करू नका. बऱ्याचदा ईटीएसकडून, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून, स्कोअर गेलेला असतो, पण युनिव्हर्सिटीच्या सिस्टीमला तो तुमच्या अर्जाशी जुळवता आलेला नसतो. ही जुळणी मुख्यतः नाव आणि जन्मतारखेवर होते.

गोव्यात नावाचा घोळ हमखास होतो. जुन्या दाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे दोन 'एस'चे देसाई, पासपोर्टवर एकच 'एस'. गावकरमध्ये कोणी 'ए-ओ' लिहितो, कोणी 'ए-यू'. पासपोर्टवर जे छापलंय तेच, अक्षरन् अक्षर, ईटीएसच्या खात्यात आणि अर्जात लिहा. परीक्षेच्या दिवशी नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर आतही सोडत नाहीत आणि फीही जाते. परीक्षेनंतर पोर्तुगीज पासपोर्ट काढला असेल आणि त्यावर नाव वेगळं असेल, तर अर्जातल्या 'पूर्वीचं नाव' या रकान्यात जुनं नाव जरूर भरा.

जन्मतारखेची चूक तर दिसतही नाही. अमेरिकन फॉर्मवर महिना आधी येतो. ७ मार्चला जन्मलेल्या मुलीने सवयीने ०७/०३ लिहिलं की ती ३ जुलैची होते. तारीख २५ असती तर फॉर्मने लाल अक्षरात अडवलं असतं, पण १२ किंवा त्याआतली तारीख तो निमूट घेतो.

असं काही सापडलं तर अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करा. त्यात पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, अर्ज क्रमांक, जीआरईचा रजिस्ट्रेशन क्रमांक आणि परीक्षेची तारीख द्या, ईटीएसच्या खात्यातून उतरवलेली स्कोअरची पीडीएफ जोडा आणि स्कोअर अर्जाला जोडण्याची विनंती करा. ही पीडीएफ अधिकृत रिपोर्ट नव्हे, पण शोधायला तिचा उपयोग होतो.

४ युनिव्हर्सिटींना स्कोअर फुकट पाठवता येतो, पण त्या परीक्षेच्या दिवशीच कॉम्प्युटरवर निवडायच्या असतात. तो पडदा सोडून दिलात तर ती सोय गेली, नंतर प्रत्येक रिपोर्टला वेगळे पैसे. कागद आत नेता येत नाही, म्हणून युनिव्हर्सिटीचं पूर्ण नाव, शहर आणि राज्य पाठ करून जा. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास म्हणजे एक जागा नव्हे: स्कोअर पाठवण्यासाठी ऑस्टिनचा कोड ६८८२, डॅलसचा ६८९७, आर्लिंग्टनचा ६०१३.

दोनदा परीक्षा दिली असेल तर त्या दिवशी 'सर्वांत अलीकडचा' किंवा 'सगळे' एवढेच पर्याय मिळतात. हवा तो स्कोअर निवडून पाठवणं नंतर, पैसे भरून. एका परीक्षेचा क्वांट (गणिताचा भाग) आणि दुसरीचा व्हर्बल (भाषेचा भाग) असं मात्र कधीच पाठवता येत नाही.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते बघा. नव्या कार्डांवर ते सुरुवातीला बंदच असतात.

वेळेचं गणितही मांडून ठेवा. अधिकृत स्कोअर परीक्षेनंतर ८ ते १० दिवसांनी येतो, त्यापुढे जुळणीचे दिवस धरा. न्यूयॉर्कच्या वेळेने १५ डिसेंबरची रात्र ११:५९ ही मुदत म्हणजे आपल्याकडे १६ तारखेची सकाळ १०:२९.

बऱ्याच युनिव्हर्सिटी अर्जाच्या वेळी स्वतः भरलेला स्कोअर चालवून घेतात आणि अधिकृत रिपोर्ट प्रवेश मिळाल्यावर मागतात. ही अट कोर्सच्या पानावर वाचूनच ऑर्डर करा, पुष्कळ पैसे वाचतात. आणि हा रिपोर्ट ताळगावच्या गोवा विद्यापीठातून जात नाही. तिथून मिळते ती ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे तुमच्या पदवीच्या गुणांचा अधिकृत उतारा. दोन्ही कामं वेगवेगळी लावा.

नोकरीत काही वर्षं काढलेल्यांनी तारखा बघाव्यात: जीआरई ५ वर्षं चालतो, आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षा २ वर्षंच.