मूठभर मिरी आणि जगाचा नकाशा : सहावी-सातवीला प्राचीन संस्कृती शिकवताना

पहिल्या तासाला पिरॅमिडचा तक्ता नेऊ नका, मूठभर मिरी न्या. पोफळीवर मिरीचा वेल चढवलेलं आगर घरी आहे असा एखादा पोरगा कोकणातल्या वर्गात बहुधा निघतोच. त्यालाच आणायला सांगा. दाणे हातोहाती फिरले की म्हणा, "इजिप्तचा राजा दुसरा रामसेस इ.स.पू. १२१३ मध्ये वारला. त्याच्या ममीच्या नाकात हेच सापडलं." आणि गप्प बसा. "सर, तिकडे मिरी होते?" हा प्रश्न मुलांकडूनच यायला हवा. होत नाही. ती आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडची. मग तिथवर गेली कशी?

आता नकाशा. भिंतीवर टांगू नका, जमिनीवर पसरा आणि मुलांना भोवती बसवा. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी वाटांच्या माहितीपुस्तकात सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरं आहेत. तिथपासून तांबड्या समुद्रापर्यंत सुतळी लावायला सांगा. इजिप्तहून गलबतं जुलैच्या सुमारास निघत, हे ऐकल्यावर कोळीवाड्यातली मुलं हसतात. जुलैत? तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, नारळी पौर्णिमेशिवाय कोण समुद्रात जातो! इथे तुम्ही समजावू नका, त्यांनाच बोलू द्या. आपल्याला घरी बसवणारा नैर्ऋत्येचा वाराच त्या गलबतांना इकडे ढकलायचा आणि ती पोचेपर्यंत पावसाचा जोर सरलेला असायचा. परतीला हिवाळ्यातला ईशान्येचा वारा. याला दोन तास गेले तरी जाऊ द्या, पुढचं सगळं या वाऱ्यावर उभं आहे.

मेसोपोटेमिया हातानेच शिकवावा. गणपतीच्या शाळेत उरलेली शाडू मागून आणा. (पहिल्या वर्षी मी शेतातली तांबडी माती वापरली होती. दुपारपर्यंत पाट्यांना भेगा.) तळहाताएवढी पाटी थापायची, कळकाच्या काडीचं टोक तिरकं कापायचं आणि ओरखडे न काढता नुसतं दाबायचं. पाचरीसारखा ठसा उठतो, म्हणून ती कीलाकार लिपी. सुरुवातीच्या पाट्यांवर राजांच्या गोष्टी नाहीत, जव आणि मेंढरांचे हिशेब आहेत, हे आधी सांगा. मग मुलांना घरचा हिशेब लिहू द्या. आमच्याकडे एकीने आईच्या टोपलीतले बांगडे मांडले: एक पाचर म्हणजे एक बांगडा. अठ्ठावीस पाचरी दाबल्यावर ती वैतागली, "दहाला वेगळी खूण असती तर!" मेसोपोटेमियातल्या सुमेरी लोकांकडे ती होती. फळ्यावर काढून दाखवायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

ममी आली की "ई!" होणारच. रागावू नका. शिमग्याला पालखी घरोघर नाचते, ते कोकण कधीच न पाहिलेल्या माणसाने कसं लिहिलं असतं, ते पाच ओळींत लिहायला द्या. वाचताना वर्ग लोळतो. त्यानंतर ममीकडे परत या, प्रश्न बदललेले असतात.

घरचा अभ्यास स्वयंपाकघरातला. मिरची, बटाटा, काजू अमेरिका खंडातून आले आणि पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणले. पगार, चावी हे शब्दही त्यांचेच. मिरची नव्हती तेव्हा आमटी तिखट कशी व्हायची, हे आजीला विचारून यायचं. उत्तर बहुतेकदा पहिल्या तासाच्या मुठीतच असतं.

सहल एकच काढा, जवळची. रत्नागिरीकरांना थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. अलिबागकडच्यांनी चौलशेजारचा, पोर्तुगीज किल्ल्याचा रेवदंडा गाठावा. चीन, रोम, माया सगळं एका सत्रात उरकायचा हट्ट मात्र सोडा. तीन संस्कृती नीट झाल्या तरी खूप.

पाट्या उन्हात वाळल्या की कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला न सांगता द्या आणि हिशेब कशाचा ते ओळखायला लावा. बांगड्यांची पाटी अजून कुणाला उलगडलेली नाही.