काटा कॉम तीनवरच राहिला पाहिजे

एप्रिलात सकाळी सातला शेडमधून हाक आली, "वयनी, काटो बंद पडलो!" आणि माझ्या पोटात गोळा आला. संध्याकाळी वाशीच्या बाजाराला आंब्याची गाडी भरायची, आणि देवगडात त्या दिवसांत वजनकाटा दुरुस्त करायला मोकळा माणूस सापडत नाही.

काटा बंद पडलाच नव्हता. त्याच्या डबीवर आकडा नीट दिसत होता, कॉम्प्युटरमध्ये तेवढा येत नव्हता. आदल्या रात्री कोणीतरी मोबाइल चार्ज करायला काट्याची यूएसबी काढली होती आणि परत लावताना शेजारच्या भोकात घातली होती. बस, एवढंच.

काट्याच्या मागे जुनी नऊ पिनांची सिरियल जोडणी असते. आताच्या लॅपटॉपला ती चालत नाही, म्हणून मध्ये तिला यूएसबीत बसवणारा कन्व्हर्टर लागतो. विंडोज त्या कन्व्हर्टरला कॉम ३, कॉम ५ असा पोर्टचा नंबर देतं, आणि बिलाचं सॉफ्टवेअर सेटिंगमध्ये लिहिलेल्या नंबरवरच कान लावून बसतं. आता गंमत अशी, की स्वस्त कन्व्हर्टरमध्ये बऱ्याचदा सीएच ३४० चिप असते, आणि तिला सहसा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. मग विंडोज तिला कशावरून ओळखणार? ती कुठल्या भोकात बसली आहे त्यावरून. भोक बदललं की नवा पाहुणा, नवा नंबर. एफटीडीआय कंपनीच्या चिपमध्ये बहुतेक वेळा अनुक्रमांक भरलेला असतो, ती कुठेही लावा, नंबर तोच. चार पैसे वाचवायला जाऊ नका, असं मी आता सगळ्यांना सांगते.

तुमचा कन्व्हर्टर कोणत्या जातीचा ते पाहायचं असेल, तर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'पोर्ट्स' या ओळीखाली तो दिसेल. दोनतीन दिसत असतील तर एक उपटा, जी ओळ गायब होते ती त्याची. परत लावून त्या ओळीवर डबल क्लिक करा आणि 'डिटेल्स'मध्ये 'डिव्हाइस इन्स्टन्स पाथ' निवडा. शेवटच्या तुकड्यात 'अँड'ची (&) चिन्हं पेरलेली असतील तर ओळख जागेवरून आहे. सलग अक्षरं-आकडे असतील तर अनुक्रमांक आहे.

नंबर बदलायचा तर त्याच खिडकीत 'पोर्ट सेटिंग्ज', 'अॅडव्हान्स्ड', आणि खाली कॉम पोर्ट नंबरची यादी. आधी बिलाचं सॉफ्टवेअर बंद करा. नंबर निवडल्यावर कन्व्हर्टर एकदा काढून लावा.

माझं घोडं इथेच अडलं. यादीत आम्हाला हव्या असलेल्या ३ च्या शेजारी 'इन यूज' लिहिलेलं, आणि कॉम ३ वर तर काहीच दिसत नव्हतं! कन्व्हर्टरला मिळाला होता १४, आणि आमच्या जुन्या सॉफ्टवेअरची यादी ९ वर संपते. चार हंगामांत ज्या ज्या भोकात काटा, लेबल प्रिंटर, कोणाचं तरी मशीन लावलं, त्या प्रत्येकाची भुतं विंडोजने जपून ठेवली होती. ब्लूटूथ जोडलं तर तेही गुपचूप एकदोन नंबर अडवतं. भुतं पाहायला डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'खालचं 'शो हिडन डिव्हायसेस' लावा. फिकट दिसणाऱ्या ओळी म्हणजे सध्या जोडलेलं नसलेलं यंत्र. त्यावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल'. फक्त 'पोर्ट्स'खालच्याच ओळी काढा, आणि आज घरी ठेवलेला प्रिंटर उद्या लागणार असेल तर त्याला हात लावू नका. रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारात, शिरून सगळेच नंबर पुसायचाही एक उपाय आहे, पण हंगामात तो करू नये. भूत काढूनही 'इन यूज' राहिलं तर तोच नंबर निवडा. विंडोज विचारेल, दुसऱ्याचा आहे, घेऊ का? तो दुसरा खरोखर जोडलेला नाही ही खात्री असेल तर हो म्हणा.

दोन सारखे काटे असतील तर आणखी जपा. आमच्याकडे एक छोटा, सुटं फळ तोलायला, आणि एक क्रेटसाठी. टेबल हलवताना दोन्हींच्या यूएसबी अदलाबदल झाल्या आणि बिलात अडीचशे ग्रॅमचा हापूस २२ किलोचा झाला. तेव्हापासून भोकांच्या शेजारी नेलपॉलिशचे ठिपके आहेत, लाल क्रेटचा, गुलाबी फळाचा, आणि वायरवरही तेच. हब, म्हणजे एका यूएसबीची अनेक भोकं करणारी डबी, वापरत असाल तर हबचं भोकही मोजलं जातं, म्हणजे हब हलवला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नंबर बरोबर असून काटा थोड्या वेळाने गप्प होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्येच 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली वीज वाचवायच्या ओळीपुढची टिक काढून टाका. आणि नऊ पिनांचं टोक एकदा काढून बघा. खाऱ्या हवेने आमच्याकडे त्यावर हिरवट थर धरतो.

धाकटे दीर होडीवरच्या लॅपटॉपला जीपीएस जोडतात. एकदा त्यांचा माउस भूत लागल्यासारखा पडद्यावर उड्या मारायला लागला. लॅपटॉप चालू होताना जीपीएस जोडलेला होता आणि त्याचा अखंड येणारा मजकूर विंडोजला जुन्या सिरियल माउसचा वाटला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत 'सिरियल बॉलपॉइंट' दिसला तर तो 'डिसेबल' करा. अनइन्स्टॉल केलात तर पुढच्या वेळी परत उगवेल. आणि जीपीएस लॅपटॉप चालू झाल्यावरच लावा, तेवढं दीर ऐकत नाहीत.